आठ किलोमीटर फायबर आणि त्र्याहत्तर नॅनोसेकंद

२३ सप्टेंबर २०११. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या सभागृहात ऑपेरा या प्रयोगाच्या वतीने दारियो ऑतिएरो यांनी एक आकडा मांडला: ६०.७ नॅनोसेकंद. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही जवळपास न अडता जाणारे सूक्ष्म कण, जमिनीच्या पोटातून ७३० किलोमीटर पार करून इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली पोचतात. या प्रवासाला प्रकाशाला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा ते ६०.७ नॅनोसेकंद कमी घेतात, असं २००९ ते २०११ या काळातलं मोजमाप सांगत होतं. एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे शर्यत ७३० किलोमीटरची आणि न्यूट्रिनो अठरा मीटरने पुढे.

प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही असं सांगणाऱ्या आइन्स्टाइनला खोटं पाडल्याचा दावा ऑपेराच्या मंडळींनी केला नव्हता. आम्ही शोधून थकलो, चूक सापडत नाही, आता तुम्ही बघा, अशी त्यांची भूमिका होती. मला ती तेव्हाही प्रामाणिक वाटली आणि आजही वाटते. पुढे चूक सापडली. ती भौतिकशास्त्रात नव्हती, वेळ वाहून नेणाऱ्या एका फायबरच्या टोकाला होती.

मी नेटवर्कमधल्या घड्याळांचं काम करते. मोबाइल टॉवर, स्विच आणि राउटर यांची वेळ एकमेकांशी जुळलेली राहील हे बघणं ही माझी रोजची नोकरी. त्यामुळे या प्रकरणात मला न्यूट्रिनोंपेक्षा त्या फायबरची जास्त ओढ आहे. शेकडो शास्त्रज्ञ, दोन देशांच्या मापन संस्था, सिझियमची घड्याळं हे सगळं असताना एक जोडणी साडेतीन वर्षं चुकीची वेळ देत राहिली आणि कुठेही अलार्म वाजला नाही. हे कसं घडलं, आणि त्याच सर्नमध्ये त्या काळात इथरनेटवर उभी राहत असलेली एक पद्धत तिथे असती तर काय झालं असतं, हे मांडायचं आहे.

वेळेची वाट

उड्डाणाचा वेळ काढायचा तर दोन टोकांना दोन घड्याळं लागतात आणि ती एकमेकांशी जुळलेली लागतात. सर्नच्या बाजूला एसपीएस या त्वरकातून ४०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन ग्रॅफाइटच्या लक्ष्यावर आदळत आणि त्या धडकेतून पुढे न्यूट्रिनो तयार होत. प्रोटॉनच्या झोताचा आकार एक सेन्सर टिपत असे आणि त्या नोंदीला वेळेचा शिक्का बसत असे. ग्रान सास्सोच्या बाजूला डिटेक्टरमध्ये न्यूट्रिनोची खूण उमटली की तिलाही शिक्का. मधलं अंतर वीस सेंटिमीटरच्या आत मोजलेलं होतं. प्रकाशाला ते कापायला २.४४ मिलिसेकंद लागतात.

दोन्ही ठिकाणी जमिनीवर जीपीएस रिसिव्हर आणि सिझियम घड्याळ होतं. दोघांनी एकाच वेळी तेच उपग्रह पाहायचे आणि आपापला फरक नोंदवायचा, म्हणजे उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोन्हीकडे सारखी येऊन वजाबाकीत उडून जाते. ही पद्धत मापनशास्त्रात मुरलेली आहे. स्वित्झर्लंडच्या मेटास या मापन संस्थेने ती बसवून दिली होती आणि जर्मनीच्या पीटीबी या मापन संस्थेने स्वतंत्रपणे तपासली होती. दोन्ही टोकांमधला फरक अडीच नॅनोसेकंदांच्या आत निघाला. साखळीतला सगळ्यांत अवघड वाटणारा हा भाग निर्दोष होता.

अडचण पुढच्या टप्प्यात होती, आणि तो टप्पा कुणालाही किरकोळच वाटला असता. ग्रान सास्सोची प्रयोगशाळा डोंगराखाली, महामार्गाच्या बोगद्यातून आत शिरून गाठावी लागते. वर सुमारे १,४०० मीटर खडक. तिथे जीपीएसचा सिग्नल येत नाही. म्हणून बाहेरच्या रिसिव्हरकडून दर मिलिसेकंदाला एक पल्स ८.३ किलोमीटर फायबरवरून आत पाठवली जाई आणि तिच्यावर ऑपेराचं मास्टर क्लॉक चाले. काचेतून प्रकाश हवेपेक्षा सावकाश जातो, मीटरला जवळपास पाच नॅनोसेकंद. हा उशीर २००६ साली मोजला होता: ४०,९९६ नॅनोसेकंद, एक नॅनोसेकंद इकडेतिकडे. हिशेबात तो आकडा घातला आणि पुढची सगळी वर्षं तोच वापरला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. ४०,९९६ हा आकडा बरोबर होता, पण तो २००६चा होता.

दोन बिघाड

फायबरच्या टोकाला कनेक्टर पूर्ण बसलेला नव्हता. प्रकाश येत होता, पण कमी येत होता. पलीकडच्या कार्डावर फोटोडायोड होता, म्हणजे प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारा भाग. प्रकाश भरपूर असला की त्याचा सिग्नल झटकन वर चढतो आणि ठरलेली पातळी ओलांडतो. तीच पल्स आल्याची खूण. प्रकाश कमी झाला की चढ सावकाश होतो आणि पातळी ओलांडायला उशीर लागतो. पल्स हरवत नाही, फक्त उशिरा आली असं दिसतं. हा जादा उशीर ७३ नॅनोसेकंदांचा होता.

त्याचा परिणाम कोणत्या दिशेने होतो ते एकदा सावकाश पाहू, कारण ऐकल्यावर पहिल्यांदा उलटंच वाटतं. आतल्या घड्याळाला पल्स ७३ नॅनोसेकंद उशिरा मिळते, म्हणजे ते घड्याळ तेवढं मागे चालतं. मागे पडलेल्या घड्याळात पाहुणा आल्याची वेळ नोंदवली तर पाहुणा लवकर आला असं दिसतं. न्यूट्रिनो लवकर आले ते असे.

दुसरा बिघाड वेगळ्या जातीचा होता. मास्टर क्लॉक ०.६ सेकंदाच्या चक्रात चाले. चक्राची सुरुवात बाहेरून आलेल्या पल्सशी जुळवलेली असे, पण चक्राच्या आतली मोजणी कार्डावरच्या स्फटिकाच्या भरवशावर होती. तो स्फटिक ठरल्यापेक्षा किंचित वेगाने ठोके देत होता: सेकंदाला १२४ नॅनोसेकंद पुढे. कोटी ठोक्यांमागे सव्वा ठोका जास्त. न्यूट्रिनोंच्या घटना चक्रात जिथे पडत तिथे याने सरासरी पंधराएक नॅनोसेकंदांची चूक घातली, आणि तीही उलट्या दिशेने. एका चुकीने दुसरीचा थोडा भाग झाकला.

आमच्या धंद्यात या दोन गोष्टींना दोन वेगळी नावं आहेत आणि नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हाच फरक समजावते. दोन घड्याळं एकाच गतीने चालतात का, हा वारंवारतेचा प्रश्न. दोघांत आत्ता किती वाजलेत हे सारखं आहे का, हा वेळेचा प्रश्न. शेजारच्या घरातलं घड्याळ दहा मिनिटं मागे असून अगदी अचूक गतीने चालू शकतं. तुमचं आत्ता बरोबर असून रोज एक मिनिट पुढे पळू शकतं. ऑपेरात कनेक्टरने वेळ बिघडवली आणि स्फटिकाने वारंवारता. दोन्ही आजार एकाच यंत्रात, आणि एकाचंही लक्षण पडद्यावर दिसत नव्हतं.

पकडला कसा

सप्टेंबरनंतर पहिली शंका झोताच्या आकारावर घेतली गेली. मूळ मोजमापात प्रोटॉनचा झोत १०.५ मायक्रोसेकंद लांब होता आणि त्यात नेमका कोणता प्रोटॉन कोणत्या न्यूट्रिनोचा बाप हे सांगता येत नव्हतं. सुमारे सोळा हजार घटनांवरून संख्याशास्त्राने उत्तर काढलं होतं. म्हणून सर्नने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन नॅनोसेकंदांचे बारीक झोत, एकमेकांपासून ५२४ नॅनोसेकंदांवर, सोडले. आता कुठला न्यूट्रिनो कुठल्या झोताचा हे उघड दिसणार होतं. वीस घटना मिळाल्या. उत्तर आलं ६२.१ नॅनोसेकंद.

लोकांना वाटलं, निकाल पक्का झाला. पण नव्या प्रयोगाने झोत बदलला होता, घड्याळाची साखळी तीच होती. तोच कनेक्टर, तेच कार्ड, तोच २००६चा आकडा. जे मोजमाप चुकीच्या जागेला हात न लावता पुन्हा केलं जातं ते चूकच पुन्हा मोजतं, आणि आधीपेक्षा जास्त नेमकेपणाने मोजतं. फील्डवर मी हे किती वेळा पाहिलं आहे. अलार्म आला की रीस्टार्ट करायचा, तीच रीडिंग पुन्हा आली की ‘कन्फर्म’ म्हणायचं.

डिसेंबर २०११ मध्ये ऑपेराच्याच माणसांनी आठ किलोमीटरच्या फायबरचा उशीर पुन्हा मोजला. २००६च्या आकड्यापेक्षा तो ७३.२ नॅनोसेकंदांनी जास्त भरला. कनेक्टर नीट बसवला आणि फरक गेला.

पण एक प्रश्न उरला. कनेक्टर डिसेंबरमध्ये सैल होता हे कळलं. २००९ मध्येही सैल होता कशावरून? जुनी स्थिती पाहायला कुणी परत जाऊ शकत नाही. याचं उत्तर ज्या वाटेने मिळालं ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ग्रान सास्सोच्या दुसऱ्या दालनात एलव्हीडी नावाचा डिटेक्टर वर्षानुवर्षं चालू होता, ऑपेरापासून सुमारे १६० मीटरवर. वैश्विक किरणांमधले म्युऑन नावाचे कण बहुतेक वरून येतात, पण तेरामोच्या दिशेला डोंगराचा खडक पातळ आहे आणि तिकडून काही म्युऑन जवळपास आडवे येतात. त्यातला एखादा आधी एका डिटेक्टरमधून आणि मग दुसऱ्यातून जातो. दोन्हीकडे त्याची वेळ नोंदलेली असते. असा म्युऑन म्हणजे दोन घड्याळांमधून धावत गेलेला निरोप्या. कुणी मुद्दाम पाठवलेला नाही, कुणाच्या केबलवर अवलंबून नाही.

२००७ पासून मार्च २०१२ पर्यंतच्या जुन्या नोंदी चाळून असे ३०६ म्युऑन सापडले. त्यांचा आलेख स्वच्छ होता: २००८च्या मध्यापर्यंत एक पातळी, मग २०११च्या अखेरीपर्यंत ७३ नॅनोसेकंद सरकलेली दुसरी पातळी, आणि मग पुन्हा मूळ जागी. कनेक्टर केव्हापासून हलला होता ते डोंगरातून आडव्या आलेल्या तीनशे कणांनी सांगितलं. दुरुस्त्या घातल्यावर ऑपेराचा आकडा ६.५ नॅनोसेकंदांवर आला. त्रुटीची मर्यादा त्याहून मोठी होती, म्हणजे तो शून्याशी जुळत होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन्ही बिघाड जाहीर झाले. मार्चमध्ये प्रयोगाचे प्रवक्ते अंतोनिओ एरेदितातो आणि ऑतिएरो या दोघांनी आपली पदं सोडली.

तारेनेच मोजायचं

ऑपेराची जोडणी एकतर्फी होती. बाहेरून आत पल्स जायची, आतून बाहेर काहीच यायचं नाही. एकतर्फी तारेला स्वतःचा उशीर कळूच शकत नाही. पत्र पोचायला किती दिवस लागले हे, उत्तर येईपर्यंत, पाठवणाऱ्याला कळत नाही.

सर्नच्या त्वरकांची स्वतःची जुनी टायमिंग व्यवस्था याच जातीची होती: सेकंदाला पाच लाख बिट वाहणारी, एकाच दिशेने जाणारी, केबलचा उशीर आपोआप न मोजणारी. तिच्या जागी काय आणायचं यावर २००८ साली काम सुरू झालं. सर्नबरोबर जर्मनीची जीएसआय प्रयोगशाळा आणि इतर भागीदार होते, आणि सर्नच्या बाजूने हावियेर सेरानो यांचा गट. लक्ष्य होतं हजारहून जास्त उपकरणं, दहा किलोमीटरपर्यंत फायबर आणि एका नॅनोसेकंदाच्या आतली अचूकता. आणि हे सगळं साध्या गिगाबिट इथरनेटवर, म्हणजे त्याच तारेवरून डेटाही जायला हवा. या पद्धतीचं नाव व्हाइट रॅबिट.

इथरनेट हे ऐकून घड्याळवाला माणूस आधी नाकच मुरडेल. साध्या इथरनेटमध्ये प्रत्येक कार्डाचा स्फटिक स्वतंत्र असतो आणि मानकाप्रमाणे त्याला दहा लाखांत शंभरपर्यंत चुकायची मुभा असते. म्हणजे सेकंदाला शंभर मायक्रोसेकंद. ऑपेराचा बिघडलेला स्फटिकसुद्धा याच्या आठशे पट चांगला होता.

पहिली दुरुस्ती वारंवारतेची. गिगाबिट इथरनेटची लाइन कधीच गप्प नसते. पाठवायला काही नसलं तरी रिकामी चिन्हं वाहत राहतात, आणि त्या प्रवाहाच्या लयीत पाठवणाऱ्याचं घड्याळ असतं. सिंक्रोनस इथरनेटमध्ये घेणारा ती लय उचलतो, आपल्या स्फटिकाला त्याच लयीत बांधतो आणि पुढे त्याच लयीत पाठवतो. एका मास्टरपासून शेवटच्या टोकापर्यंत सगळे एकाच ठेक्यावर. टाळकऱ्यांची ओळ जशी पखवाजावर चालते, प्रत्येकाने मनात वेगळा ताल धरायचा नसतो. हे तंत्र टेलिकॉमवाल्यांनी आधीच मानक करून ठेवलं होतं. व्हाइट रॅबिटने ते तसंच उचललं.

दुसरी दुरुस्ती वेळेची, आणि ती प्रिसिजन टाइम प्रोटोकॉलने, म्हणजे पीटीपीने. मास्टर, म्हणजे वेळ देणारं उपकरण, संदेश पाठवतो आणि निघाल्याची वेळ लिहितो. स्लेव्ह, म्हणजे वेळ घेणारं उपकरण, तो आल्याची वेळ आपल्या घड्याळाने लिहितो. मग स्लेव्ह उलट संदेश पाठवतो आणि पुन्हा दोन वेळा लिहिल्या जातात. ऑपेराचाच फायबर घेऊन हिशेब करू. समजा स्लेव्हचं घड्याळ १०० नॅनोसेकंद पुढे आहे आणि फायबरचा उशीर ४०,९९६. जाताना दोन नोंदींतला फरक दिसेल ४१,०९६, कारण स्लेव्हचं घड्याळ पुढे आहे. येताना दिसेल ४०,८९६. दोन्हींची बेरीज ८१,९९२, निम्मी ४०,९९६: हा झाला उशीर. दोन्हींची वजाबाकी २००, निम्मी १००: ही झाली घड्याळाची चूक. दोन अज्ञात, दोन समीकरणं. शाळेत बीजगणितात सोडवतो तसंच, फक्त इथे ते सतत चालू असतं. ४०,९९६ हा आकडा कुठल्या वहीत २००६ साली लिहून ठेवायची गरज उरत नाही.

पण या वेळा लिहिणारं घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं, म्हणजे आठ नॅनोसेकंदांच्या खाचा. मधलं काही वाचता येत नाही. इथे तिसरी गोष्ट येते आणि ती व्हाइट रॅबिटची खरी कमाई. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्नियर कॅलिपर ज्याने हातात धरला आहे त्याला ती लगेच कळेल. मुख्य पट्टीच्या खाचांपेक्षा किंचित वेगळ्या अंतराच्या खाचांची दुसरी पट्टी शेजारी ठेवली की मिलिमीटरचा दहावा भाग वाचता येतो. इथे मूळ घड्याळापेक्षा अगदी किंचित हळू चालणाऱ्या दुसऱ्या घड्याळाने दोन्ही सिग्नल तपासले जातात. त्यातून जो सावकाश ठोका तयार होतो त्यात मूळ फेजचा, म्हणजे एक लय दुसरीपेक्षा किती सरकली आहे त्याचा, फरक सोळा हजार पटींनी मोठा होऊन दिसतो. महागडं उपकरण लागत नाही, साध्या चिपवरच्या डिजिटल सर्किटमध्ये हे जमतं. मास्टरची लय स्लेव्हपर्यंत जाऊन परत मास्टरकडे येते, तिथे जाणारी आणि येणारी लय अशी शेजारी ठेवून पाहिली जाते, आणि फायबर उन्हाने तापून जरा लांबला तरी ते पिकोसेकंदांत कळतं. तापमानाने फायबरचा उशीर किलोमीटरला प्रत्येक अंशामागे चाळीसएक पिकोसेकंदांनी बदलतो. आठ किलोमीटरला दहा अंशांचा फरक म्हणजे तीनएक नॅनोसेकंद. एकदा मोजून ठेवलेला आकडा कनेक्टर धडधाकट असतानाही टिकत नाही तो असा.

चौथी गोष्ट मात्र अवघड आहे आणि तिच्याबद्दल लोक गाफील राहतात. वरच्या हिशेबात आपण जाण्याचा आणि येण्याचा उशीर सारखा धरला. तो सारखा नसेल तर निम्मा फरक थेट वेळेत घुसतो, आणि पीटीपीला त्याचा पत्ता लागत नाही. व्हाइट रॅबिट दोन्ही दिशांना एकच फायबर वापरतो, जायला एका रंगाचा प्रकाश आणि यायला दुसऱ्या, १,३१० आणि १,४९० नॅनोमीटर. दोन रंगांचा काचेतला वेग किंचित वेगळा असतो, किलोमीटरला साधारण सव्वा नॅनोसेकंदाचा फरक. पण हा फरक काचेचा गुण आहे, तो लांबीच्या प्रमाणात राहतो, म्हणून एकदा मोजून गुणक म्हणून घालता येतो.

दोन वेगळे फायबर वापरले की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पुण्याबाहेरच्या एका साइटवर रस्ता खोदताना फायबर तुटला. रात्रीत स्प्लाइस करून लिंक चालू झाली, सकाळी पीटीपी लॉक दाखवत होतं, सगळे दिवे हिरवे. दोन दिवसांनी मी हातातलं टेस्ट उपकरण जीपीएसला लावून तुलना केली तेव्हा तिथली वेळ बरोबर शंभर नॅनोसेकंद सरकलेली दिसली. रॅक उघडला तर पाठवणाऱ्या बाजूला पाच मीटरची पिवळी पॅचकॉर्ड आणि घेणाऱ्या बाजूला पंचेचाळीस मीटरची, गुंडाळून केबल टायने बांधलेली. स्प्लाइसिंगवाले दादा म्हणाले, “मॅडम, रात्री तीच होती जवळ. लाइट तर चांगला येतोय ना?” लाइट उत्तम येत होता. चाळीस मीटर जादा फायबर, दोनशे नॅनोसेकंदांचा फरक, त्याचे निम्मे शंभर. फाइव्ह-जीच्या दीड मायक्रोसेकंदाच्या मर्यादेत शंभर नॅनोसेकंदांनी नेटवर्क बंद पडत नाही. पण अशा दहा-बारा कड्या एकापुढे एक असतात, आणि प्रत्येक कडीवर हिरवा दिवा असतो.

हे त्या डोंगरात असतं तर

आता मूळ प्रश्न. बाहेरच्या रिसिव्हरपासून आतल्या मास्टर क्लॉकपर्यंत ही इथरनेट जोडणी असती तर?

स्फटिकाचा बिघाड झालाच नसता असं मी ठामपणे म्हणते. आतल्या घड्याळाला स्वतःच्या मर्जीने ठोके देण्याची मोकळीकच नसती. ०.६ सेकंद काय, एक मिलिसेकंदही नाही.

कनेक्टरचं जरा खोलात जाऊन बघावं लागतं. गिगाबिट लाइनवर एक बिट ०.८ नॅनोसेकंदाचा असतो. ७३ नॅनोसेकंद म्हणजे नव्वदहून जास्त बिट. प्रकाश कमी झाल्याने इतका उशीर गुपचूप शिरायला जागाच नाही. त्याच्या कितीतरी आधी बिटांमध्ये चुका यायला लागतात, मग लय सुटते, मग लिंक पडते. पल्सवर चालणारी जोडणी आजारी पडली की सावकाश चालते. बिटांवर चालणारी आजारी पडली की ओरडते. त्यात एसएफपी मॉड्यूल, म्हणजे फायबर ज्यात जोडतात तो भाग, किती प्रकाश येतोय ते सतत सांगत असतं, आणि दुतर्फा मोजलेला उशीर नोंदीत उमटत असतो. २००८च्या मध्याला आलेखावर पायरी दिसली असती. ती शोधायला तीनशे म्युऑन लागले नसते.

तरीही सगळं पकडलं गेलं असतं असं म्हणणं खोटं ठरेल. प्रत्येक उपकरणाच्या आतला स्थिर उशीर कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत एकदा मोजूनच घालावा लागतो, आणि तो चुकीचा घातला तर व्हाइट रॅबिटलाही कळणार नाही. जीपीएसच्या अँटेनाची केबल या वर्तुळाच्या बाहेर आहे. आणि सर्वांत वरचा मास्टरच चुकला तर खालचे सगळे एकजुटीने चुकतात. म्हणून म्युऑनसारखा बाहेरचा साक्षीदार हवाच, माझ्या हातातल्या टेस्ट उपकरणासारखा.

मे २०१२

या प्रकरणात ‘असतं तर’ म्हणून थांबावं लागत नाही, कारण ते पुढे खरोखर करून पाहिलं गेलं. मे २०१२ मध्ये सर्नने दोन आठवडे पुन्हा बारीक झोत सोडले. या वेळी एकट्या ऑपेराने नाही, तर ग्रान सास्सोतल्या चार प्रयोगांनी एकत्र मोजमाप केलं: ऑपेरा, इकारस, बोरेक्सिनो आणि एलव्हीडी. मूळ टायमिंगच्या जोडीला, तिच्यावर अवलंबून नसलेली दुसरी वाट म्हणून, सर्नमध्ये आणि ग्रान सास्सोत दोन्हीकडे व्हाइट रॅबिट बसवला गेला. प्रत्यक्ष प्रयोगात वेळ वाहण्याची त्याची ती पहिलीच खेप. तिथे त्याची अचूकता ०.५१७ नॅनोसेकंद आणि स्थिरता ०.११९ नॅनोसेकंद भरली. जिथे ७३ नॅनोसेकंद साडेतीन वर्षं लपून राहिले होते तिथे आता अर्ध्या नॅनोसेकंदाचा हिशेब लागत होता.

८ जून २०१२ रोजी क्योतोच्या परिषदेत सर्नचे संशोधन संचालक सेर्जिओ बेर्तोलुची यांनी निकाल वाचून दाखवले. चारही प्रयोगांचे आकडे त्रुटीच्या मर्यादेत शून्याशी जुळत होते. न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येत होते.

सर्न ते ग्रान सास्सो हा झोत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायमचा बंद झाला. व्हाइट रॅबिटचा अठरा पोर्टचा स्विच मात्र त्याच सुमारास बाजारात मिळू लागला. त्याचे आराखडे कुणालाही पाहता आणि वापरता येतील असे खुले ठेवले आहेत. चीनमधल्या ४,४०० मीटर उंचीवरच्या लासो या वैश्विक किरणांच्या वेधशाळेने तो बसवला. पुण्याची एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था ज्यात सहभागी आहे त्या स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे दुर्बिणीनेही वेळ वाटण्यासाठी हीच पद्धत निवडली. पीटीपीच्या मानकाची २०१९ची आवृत्ती निघाली तेव्हा उच्च अचूकतेचा जो नवा भाग तिच्यात आला तो व्हाइट रॅबिटच्या अनुभवावर उभा आहे. माझ्या टेबलावरच्या रोजच्या मानकाच्या प्रतीत ती पानं आहेत. त्यातलं दोन्ही दिशांच्या उशिरातल्या फरकाचं प्रकरण मी खुणेची पट्टी लावून ठेवलं आहे, आणि नव्या साइटवर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी ते वाचायला देते.